खणातलं पाखरू

चिमणीएवढं, तपकिरी, भुर्रकन उडून जाणारं पाखरू दिसलं की आपण त्याला चिमणीच म्हणतो. आम्हा कवींना तर तेवढं नाव पुरतं. पक्षिशास्त्राला ते का पुरत नाही, हे मला काराकोरमच्या एका पाखराच्या इतिहासावरून उमगलं.

१९२९ साली व्हिसर या डच दांपत्याची मोहीम काराकोरम पर्वतात गेली. तिच्यात पक्ष्यांचं काम जेरोम सिलेम यांच्याकडे होतं. त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे तो टिपायचा, कातडं भरून ठेवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची. सप्टेंबरात अक्साई चीनच्या उजाड पठारावर, ५,१२५ मीटर उंचीवर, सिलेम यांनी दोन पाखरं टिपली. एक प्रौढ नर आणि एक पिल्लू. त्या भागात ब्रँड्टचा पर्वत-फिंच हा चिमणीच्या अंगलटीचा पक्षी आढळतो. ही पाखरंही त्यातलीच समजली गेली आणि त्याच नावाने अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात जाऊन पडली.

पुढे महायुद्ध झालं, हिंदुस्थानची फाळणी झाली, १९६२ चं युद्ध झालं. ते पठार भारताचं, असा आपला दावा. ताबा मात्र चीनचा. गळ्यात दुर्बीण अडकवून कुणी तिकडे सहज जावं, अशी सोय उरली नाही. पाखरं खणात होती, एवढंच.

संग्रहालयातले अभ्यासक केस रोसेलार यांनी ती कातडी पुन्हा न्याहाळली. नराच्या डोक्याचा रंग निराळा होता. पिल्लाच्या अंगावर रेघा होत्या. ब्रँड्टच्या पिल्लाला तशा नसतात. १९९२ मध्ये, म्हणजे तब्बल ६३ वर्षांनी, ही स्वतंत्र जात असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि तिला सिलेम यांचं नाव दिलं.

तरी जिवंत पक्षी कुठे होता? २०१२ मध्ये चीनच्या छिंगहाई प्रांतात, मूळ जागेपासून सुमारे १,५०० किलोमीटर पूर्वेला, एका पक्षीनिरीक्षकाच्या कॅमेऱ्यात तो आला. त्यानंतर २०१६ च्या जनुकीय अभ्यासाने आणखी एक गाठ सोडवली. हा पर्वत-फिंचांच्या कुळातला नव्हेच. त्याचे सगेसोयरे गुलाबी फिंच!

या साऱ्या कथेत मला मोठी वाटते ती पायाची चिठ्ठी. नाव चुकलं होतं, पण जागा, उंची आणि तारीख बरोबर लिहिली होती. म्हणून तर नाव सुधारता आलं. आता पक्षी मारायची गरज नाही, फोटो पुरतो. हिमालयात कधी गेलात आणि दगडांत दाणे टिपणारी एखादी अनोळखी ‘चिमणी’ दिसली, तर फोटोसोबत या तीन गोष्टी तेवढ्या टिपून ठेवा. नाव काय, ते सवडीने कळेल.