प्लॅस्टिकला मऊपणा कुणी दिला?

बाळाच्या हातातलं प्लॅस्टिकचं खेळणं मऊ का असतं, माहीत आहे? पीव्हीसी मुळात कडक, नळाच्या पाइपसारखं. त्यात तेलकट द्रव्य मिसळलं की ते लवचिक होतं. या द्रव्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात.

सुरुवात झाली ती झाडापासून. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हयात यांनी कापूर मिसळून सेल्युलॉइड बनवलं. तेव्हा कापूर झाडाच्या लाकडातून काढत. सेल्युलॉइडचे कंगवे, बाहुल्या घरोघरी गेल्या. नकली चामड्याचं कापड मऊ ठेवायला एरंडेल वापरलं जाई.

१९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी मऊ करून दाखवलं. पुढे खनिज तेलापासूनची थॅलेट द्रव्यं स्वस्त पडली आणि झाडं मागे राहिली. पण थॅलेट प्लॅस्टिकला घट्ट बांधलेलं नसतं, हळूहळू बाहेर झिरपतं. बाळ खेळणं चोखतं, तेव्हा ते लाळेबरोबर पोटात जातं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही थॅलेटांचा प्रजननसंस्थेवर वाईट परिणाम दिसला. म्हणून युरोपने १९९९ मध्ये, तीन वर्षांखालच्या मुलांनी तोंडात घालायच्या खेळण्यांत सहा थॅलेटांवर बंदी घातली. २००८ मध्ये अमेरिकेनेही कायदा केला.

आता सोयाबीन तेल आणि एरंडेलापासूनची द्रव्यं पुढे येत आहेत. जगातला बहुतेक एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. मात्र वनस्पतीपासून बनलं म्हणजे निर्धोकच, असं नाही. तपासणी त्याचीही हवी. तेव्हा खेळणं घेताना, 'यात थॅलेट नाही ना?' एवढं दुकानदाराला जरूर विचारा. बाळाला ते विचारता येत नाही.