सावंतवाडीचे चित्रित लाकडी फर्निचर

सावंतवाडीचे चित्रित लाकडी फर्निचर हा महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी येथे जोपासला गेलेला हस्तकलेचा प्रकार आहे. पाट, चौरंग, देव्हारे, टीपॉय, पेट्या, तबके अशा घरगुती वस्तूंवर गंजिफा शैलीतील चित्रे हाताने काढून त्यांवर लाखेचा किंवा वार्निशचा थर दिला जातो. हे काम परंपरेने करणाऱ्या कारागिरांना चितारी म्हणतात; शहरातील चितार आळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी अधिक प्रसिद्ध आहेत, मात्र त्यांत निसर्गाचे हुबेहूब अनुकरण असते. फर्निचरवरील चित्रे आली आहेत ती पत्त्यांच्या खेळातून.

गंजिफाशी संबंध

गंजिफा हा गोल पत्त्यांचा जुना खेळ आहे. त्याच्या दशावतारी प्रकारात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा, असे एकूण १२० पत्ते असतात. मुघल प्रकारात आठ रंगांचे ९६. प्रत्येक रंगात राजा व प्रधान ही दोन चित्रे आणि एक ते दहा अशी चिन्हांची पाने येतात. संस्थानात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांकडून हा खेळ सावंतवाडीत रुजला आणि पत्ते रंगविण्याचे काम चिताऱ्यांकडे गेले, असे परंपरेने सांगितले जाते.

छापील ५२ पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर गंजिफा खेळणारे उरले नाहीत आणि पत्ते रंगविणाऱ्यांचे कामही गेले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही विद्या पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरापुरतीच जवळजवळ उरली होती. राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेण्याची व्यवस्था केली. सत्त्वशीलादेवी स्वतःही शिकल्या. १९७१ साली राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था सुरू झाली. हाताने रंगविलेल्या १२० पत्त्यांच्या संचाला संग्राहकांपलीकडे गिऱ्हाईक मिळणे कठीण असते. पाट, पेटी किंवा टीपॉय मात्र घरात वापरला जातो. त्यामुळे खेळ मागे पडला तरी त्याची चित्रे लाकडावर टिकून राहिली.

निर्मिती

लाकूड घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर अस्तर चढवून रंगाची जमीन तयार करतात. जुन्या पद्धतीत यासाठी खडूची पूड व चिंचोक्यांची खळ वापरली जाई. त्यावर बारीक कुंचल्याने आकृती, दागिने व वस्त्रांच्या रेषा काढल्या जातात. पत्त्यावरील चित्र गोल असल्याने चौकोनी चौरंगावर ते मध्यभागी घेऊन कोपरे वेलबुट्टीने भरले जातात. कारागिराचे कसब या किनारीत विशेष दिसते. वळणावर वेलीची जाडी बदलली की ती लगेच नजरेत भरते. नैसर्गिक रंगांची जागा आता बहुधा तयार रंगांनी घेतली आहे.

गोव्यात कुंकळ्ळी येथील चितारी कारागीरही रंगीत पाट, चौरंग व पाळणे करतात; लाखकामाची परंपरा समान असली तरी गंजिफाची चित्रे ही सावंतवाडीची खूण आहे.

सद्यस्थिती

सत्त्वशीलादेवी यांचे २०१८ साली निधन झाले. राजवाड्याच्या दरबार सभागृहात कारागीर बसून काम करतात व पर्यटकांना ते पाहता येते. सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एका वस्तूवर अनेक दिवस खर्च होत असल्याने यंत्रावर छापलेल्या चित्रांच्या स्वस्त फर्निचरशी किमतीत स्पर्धा करणे या कारागिरांना अवघड जाते.