नवख्याचा डाव : ऑनलाइन पोकर स्पर्धा आणि २००३ चा विजेता

ऑनलाइन पोकर स्पर्धा म्हणजे इंटरनेटवर ठरावीक प्रवेशशुल्क भरून खेळला जाणारा, बाद पद्धतीचा पत्त्यांचा सामना. या स्पर्धांतून पुढे आलेला सर्वांत प्रसिद्ध हौशी खेळाडू म्हणजे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर. व्यवसायाने हिशेबनीस असलेल्या मनीमेकरने (हे त्याचे खरे आडनाव) वयाच्या २७ व्या वर्षी, २००३ साली, ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वाट काढत २५ लाख डॉलरचे पारितोषिक पटकावले. हौशी खेळाडूंच्या मनात या खेळाविषयी जे आकर्षण आहे, त्याचे मूळ बव्हंशी याच घटनेत सापडते. त्यामुळे ती कशी घडली, हे तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरते.

खेळ आणि स्पर्धेची रचना

या स्पर्धांत प्रामुख्याने ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार खेळला जातो. प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि मध्यभागी टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडले जातात. या सातांतून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी सरस, तो डाव जिंकतो. मात्र पत्ते दाखवण्याची वेळ येण्याआधीच मोठी पैज लावून समोरच्याला डाव सोडायला लावता येते. तीनपत्ती खेळलेल्यांना ही हूल देण्याची रीत परिचित आहे.

स्पर्धेत सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. त्यांना रोख किंमत नसते. चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो. तीनपत्तीतल्या ‘बूट’सारखी येथेही सक्तीची पैज असते आणि ती ठरावीक वेळाने वाढत जाते. त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट पाहत स्वस्थ बसणाऱ्याच्या चिप्स आपोआप झिजतात. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात, तर संगणकावर त्याच्या दुपटीहून अधिक. चेहरे दिसत नाहीत आणि निर्णयासाठी काही सेकंदच मिळतात. प्रतिस्पर्ध्याविषयीचा अंदाज त्याच्या पैजांच्या आकारावरून व वेगावरूनच बांधावा लागतो. नवख्याला थोड्या काळात भरपूर सराव मिळतो. त्याच वेगाने पैसाही जाऊ शकतो.

८६ डॉलर ते लास व्हेगास

‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ ही स्पर्धामाला १९७० पासून लास व्हेगासमध्ये भरते. तिच्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क १० हजार डॉलर आहे. एवढी रक्कम न परवडणाऱ्यांसाठी ‘सॅटेलाइट’ म्हणजे पात्रता स्पर्धा असतात. त्यांत रोख पारितोषिकाऐवजी मुख्य स्पर्धेतील जागा मिळते. मनीमेकरने ‘पोकरस्टार्स’ या संकेतस्थळावरील अशाच स्पर्धेतून आपली जागा मिळवली.

बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत मे २००३ मध्ये झालेल्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. प्रत्यक्ष टेबलावरची ही त्याची पहिलीच स्पर्धा. सवय नसलेल्या नजरा चुकवण्यासाठी तो टोपी आणि काळा चष्मा घालून बसे.

त्याच्या वाटचालीतील दोन डाव अभ्यासण्यासारखे आहेत. पहिला फिल आयव्हीविरुद्धचा. नऊ जणांचे अंतिम टेबल भरण्यास एकच खेळाडू बाद होणे बाकी होते. आयव्हीकडे नव्व्यांची जोडी होती, तर मनीमेकरकडे एक्का आणि राणी. चौथा पत्ता उघडला तेव्हा मध्यभागी दोन राण्या, छक्की आणि नव्वी होती. म्हणजे मनीमेकरच्या तीन राण्यांवर आयव्हीच्या तीन नव्व्या व राण्यांची जोडी वरचढ ठरत होती. उरलेल्या ४४ पत्त्यांपैकी केवळ ७ पत्ते मनीमेकरला वाचवू शकत होते. शेवटचा पत्ता एक्का निघाला आणि आयव्ही दहाव्या स्थानी बाद झाला. ही निव्वळ नशिबाची साथ होती.

दुसरा डाव अंतिम द्वंद्वातला, सॅमी फारहा या मुरब्बी व्यावसायिकाविरुद्धचा. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती असे पत्ते होते. पाचही पत्ते उघडले तरी त्याची कोणतीही जुळणी झाली नाही. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरने सर्व चिप्स पुढे सरकवल्या. फारहाने बराच वेळ विचार करून डाव सोडला. येथे धाडस आणि समोरच्याची अचूक पारख कामी आली. पुढे पंजी आणि चव्वी अशा किरकोळ पत्त्यांवर तीन पंज्या व चव्व्यांची जोडी जुळवून मनीमेकर विजेता झाला. उपविजेत्या फारहाला १३ लाख डॉलर मिळाले.

स्वस्त तिकिटाचा हिशेब

या स्पर्धेत ६३ जणांना पारितोषिक मिळाले. उरलेले ७७६ जण रिकाम्या हाताने परतले. दर शंभरातील ब्याण्णवांहून अधिक खेळाडूंची ही कथा होती. पात्रता स्पर्धेचेही तेच. १० हजार डॉलरची एक जागा ८६ डॉलरच्या प्रवेशांतून उभी करायची, तर किमान ११७ प्रवेश लागतात. आयोजकाचे शुल्क धरल्यास त्याहून अधिक. मनीमेकरची जागा ८६ डॉलरची नव्हती. तिची उरलेली किंमत बाद झालेल्यांनी भरली होती.

उत्तम खेळाडूही यातून सुटत नाही. समजा, प्रत्येक वेळी जिंकण्याची शक्यता ८० टक्के असताना त्याने पाच वेळा सर्व चिप्स पणाला लावल्या. पाचही डाव जिंकण्याची त्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के उरते. दीर्घकाळात कौशल्याचा प्रभाव दिसतो, हे खरे; परंतु एका स्पर्धेत नशिबाचा वाटा मोठा असतो.

परिणाम

झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणाऱ्या ईएसपीएन वाहिनीच्या प्रक्षेपणामुळे हा विजय घरोघरी पोहोचला. मुख्य स्पर्धेतील प्रवेश २००४ मध्ये २,५७६, २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३ झाले. २००४ चा विजेता ग्रेग रेमर हाही ऑनलाइन पात्रतेतूनच आला होता. या लाटेला ‘मनीमेकर परिणाम’ असे नाव पडले. २००६ मध्ये अमेरिकेने ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या व्यवहारांवर निर्बंध आणले आणि एप्रिल २०११ मध्ये तेथील सरकारने मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली. मनीमेकरचा समावेश २०१९ मध्ये ‘पोकर हॉल ऑफ फेम’मध्ये झाला.

भारत आणि गोवा

भारतात हा प्रश्न दीर्घकाळ ‘कौशल्य की नशीब’ या वादात अडकला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते. पोकरविषयी मात्र उच्च न्यायालयांत एकमत झाले नाही. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ चालवणे त्यानुसार गुन्हा असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यांनाही शिक्षा आहे. केवळ खेळणाऱ्याला नाही. या कायद्याला राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट २०२५ रोजी मिळाली.

गोव्यातील कॅसिनोंचा कायदेशीर आधार वेगळा आहे. १९७६ च्या गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाव मिळाला. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंचा मार्ग खुला झाला. मांडवीतील तरंगते कॅसिनो याच चौकटीत येतात. म्हणजे पणजीच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या जहाजात परवान्याने जे चालते, तेच किनाऱ्यावर बसून मोबाइलवर पैसे घेऊन चालवणे गुन्हा ठरते. गोमंतकीय वाचकाने हा फरक ध्यानात ठेवायला हवा. परदेशी संकेतस्थळांच्या जाहिराती आजही मनीमेकरसारख्या विजेत्यांकडे बोट दाखवतात. त्या पाहताना मागे राहिलेल्या ७७६ जणांचा आकडाही समोर असावा.