मूळगावशोध : महाड–पोलादपूर

परदेशी गेलेल्या पूर्वजाचे गाव, घराणे व भावकी दप्तरांच्या आधारे ठरवण्याची पद्धत. या नोंदीत ती रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांपुरती पाहिली आहे, आणि तीही मुख्यतः मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांच्या वंशजांच्या बाजूने. फिनलंडहून अमेरिकेला गेलेल्या माणसाचा माग त्याच्या गावच्या चर्चवहीत लागतो. तिथे घरटी कुटुंबाची यादी, जन्म, लग्न, मृत्यू, दुसऱ्या परगण्यात गेल्याची नोंद, सारे एका छपराखाली असते. महाड-पोलादपूरच्या सावित्री नदीच्या खोऱ्यात मात्र अशी वही कोणी ठेवली नाही. येथले जुने दप्तर माणसाचे नसून जमिनीचे आहे आणि जमीन ज्याच्याकडे राहिली त्याचेच नाव ते सांगते. म्हणून जो गेला त्याला या दप्तरात शोधू नये. त्याच्या मागे राहिलेल्या भावाला शोधावे.

पार्श्वभूमी : मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांसाठी भारतीय मजूर त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून पोहोचू लागले होते. पहिल्या तुकडीत ३६ जण होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांतले बहुसंख्य कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांचे प्रमाण साधारण सात टक्के, म्हणजे तीस हजारांच्या आसपास धरले जाते. मुंबईहून ही वाहतूक प्रामुख्याने १८४० व १८५० च्या दशकांत झाली. गेलेले बहुतेक कोकणातले होते. सातारा, पुणे या भागांतलेही होते. ‘मोरस’ हे बेटाचे नाव मराठीत आणि गुजरातीत पांढऱ्या साखरेलाच चिकटले. माणूस तिकडे गेला आणि साखर इकडे आली, असा हा व्यवहार होता.

महाड हे त्या काळी खाडीचे बंदर. सावित्रीतून दासगाव, तिथून बाणकोट आणि मग गलबताने मुंबई, ही वाट भाताच्या पोत्यांची होती, तशी पोटासाठी निघालेल्या माणसांचीही होती. करार बहुधा मुंबईत झाला. त्यामुळे गावाच्या स्मृतीत ‘अमका मुंबईला गेला, परत आला नाही’ एवढेच उरते. मॉरिशस हे नाव घरात कधी उच्चारले गेले नसेल, तरी त्यावरून शोध सोडू नये.

मॉरिशसकडील दप्तर : पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट (१८४९ पासूनचे स्थलांतरित केंद्र, २००६ पासून जागतिक वारसास्थळ) ही उतरण्याची जागा. तेथील नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येक मजुराला उतरल्यावर एक क्रमांक मिळे. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, गाव, परगणा, जिल्हा, जहाज व मळेवाल्याचे नाव असे रकाने असत. सगळे रकाने भरलेले क्वचित दिसतात. वय अंदाजाने लिहिलेले असते. खुणेच्या रकान्यातले गोंदण किंवा देवीचे व्रण मात्र कारकुनाने डोळ्यांनी पाहून लिहिलेले असल्याने त्यांवर जास्त विसंबता येते.

मजुरांची छायाचित्रे काढण्याची पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली. मुंबईकडचे बहुतेक लोक त्याआधीच उतरले होते. बेटावरच राहिलेल्या जुन्या मजुरांना १८६७ च्या कायद्याने छायाचित्राचे ओळखपत्र बाळगणे भाग पडले, म्हणून काहींचे उतारवयातले चेहरे उपलब्ध होतात. वंशज बहुधा छायाचित्रापासूनच आरंभ करू पाहतात. मराठी घराण्यांबाबत क्रमांकापासून सुरुवात करणे बरे. क्रमांक उतरण्याच्या ओळीने दिलेले असल्यामुळे आपल्या पूर्वजाच्या आगेमागचे दहा-वीस क्रमांक पाहावेत. भरती अनेकदा टोळीने होई. परत आलेला सरदार (मुकादम) आपल्याच मुलखातली माणसे जमवून नेई. शेजारच्या ओळीत गाव नीट लिहिलेले असेल, तर ते आपल्याही पूर्वजाचे असण्याचा संभव वाढतो.

जात हा रकाना मॉरिशसमध्ये संवेदनशील मानला जातो. ‘म्हार’ या शब्दाच्या वाचनापलीकडे त्याविषयी येथे अधिक लिहिलेले नाही.

नावे : महाडकडच्या नोंदींत आडनाव जवळजवळ नसतेच. धोंडू, भिकू, पांडू, रामजी, गोविंद, सखाराम अशी एकेरी नावे आणि पुढे बापाचे तसलेच नाव. मॉरिशसमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत हेच पहिले नाव आडनाव म्हणून कायम झाले. त्यामुळे तिथला ‘रामजी’ हा इथला मोरे, कदम, जाधव, शेलार, मालुसरे यांपैकी कोणीही असू शकतो. आडनावावरून शोध घेणारे येथेच अडतात. त्यात धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे मूल जगावे म्हणून मुद्दाम हलकी ठेवलेली. प्रत्येक वाडीत ती दोन-चार तरी सापडतात आणि नातवाला आजोबाचे नाव देण्याच्या चालीमुळे पिढी सोडून पुन्हा येतात. एकट्या नावावर काही ठरत नाही. नाव, बापाचे नाव आणि गाव ही तिन्ही जुळली तर पुढे जावे.

‘म्हार’ या शब्दाचा घोळ : या विषयात सर्वांत जास्त चुका याच शब्दाने झाल्या आहेत, म्हणून विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले इंग्रज लेखक महाड गावाचे नाव ‘म्हार’ असे लिहीत. नाना फडणीसांनी १७९६ मध्ये केलेला महाडचा तह ग्रँट डफच्या इतिहासात (१८२६) याच लेखनाने येतो. ‘ड’ आणि ‘र’ यांच्यामधला आपला उच्चार इंग्रजी कानाला ‘र’ वाटला, इतकेच. पण महार जातीचे नावही त्याच काळात त्याच अक्षरांनी लिहिले जाई. आता नोंदवहीत रकाने सरकलेले असतील, किंवा जात व गाव एकाच ओळीत कोंबलेले असतील, तर हा शब्द गाव सांगतो की जात, हे सरळ वाचून कळत नाही.

निर्णयासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. त्याच पानावर इतरांचा जातीचा रकाना भरलेला आहे का. त्याच हाताने लिहिलेली रत्नागिरीची, म्हणजे महाडशी संबंध नसलेली माणसे पुढेमागे आहेत का आणि त्यांच्यापुढेही हा शब्द येतो का. आणि परगण्याच्या जागी दुसरे नाव आहे का. तिन्हींतून निष्कर्ष निघत नसेल तर दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात. सोयीची एक निवडण्याचा मोह होतो, आणि तो कोणत्या बाजूने होतो हे शोधणाऱ्याच्या घरावर अवलंबून असते.

तसाच दुसरा गोंधळ ‘कुलाबा’ या नावाचा. मुंबई बेटाचे टोकही कुलाबा आणि अलिबागचा किल्ला व पुढे अख्खा जिल्हाही कुलाबा. मुंबईत करार केलेल्या माणसापुढे हे नाव असेल, तर ते त्याच्या मुक्कामाचे की मुलखाचे, हे तपासावे.

जिल्हा कोणता : बाणकोटच्या उत्तरेचे तालुके १८३० मध्ये दक्षिण कोकणातून काढून ठाण्याकडे दिले गेले. १८५३ मध्ये कुलाबा हा ठाण्याखालचा उपजिल्हा आणि १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड केले. महाड तालुक्याचे नावही आरंभी रायगडच होते, हे नव्या अभ्यासकाला चकवते. पोलादपूर दीर्घकाळ महाडला जोडलेला महाल होता. तालुका तो नंतर झाला. म्हणजे १८५० साली गेलेल्या पोलादपूरच्या माणसापुढे कारकुनाने ठाणे लिहिले असेल, तो स्वतः रत्नागिरी म्हणाला असेल, आणि आज शोध रायगडात घ्यायचा आहे.

गावांची नावे एकाहून अधिक ठिकाणी असतात. बिरवाडी महाडमध्ये आहे तशी ठाणे जिल्ह्यात शहापूरकडेही आहे. शिवाय माणूस सांगतो वाडीचे नाव, दप्तर चालते महसुली गावाच्या नावाने. मोरेवाडी, कदमवाडी अशी नावे दर दोन कोसांवर.

भारताकडील दप्तर : (१) मुंबई येथील महाराष्ट्र पुराभिलेखागार. मुंबई सरकारच्या सामान्य विभागातील स्थलांतराचा पत्रव्यवहार येथे पाहता येतो. व्यक्तींची नावे त्यात कमी, जहाजे व तक्रारी जास्त. (२) खोती कागद. महाड भागात खोतीची (खोतामार्फत सारा वसूल होणारी) गावे होती. खोताच्या वहीत कुळाचे नाव व त्याने द्यायचे भात लिहिलेले असे. १८८० च्या खोती कायद्यानंतर ही माहिती सरकारी कागदांत अधिक नियमाने येऊ लागली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि खोतांच्या घरच्या वह्या बहुतेक ठिकाणी माळ्यावर गेल्या. (३) पैमाषीचे (जमीनमोजणीचे) कागद : आकारबंद, फाळणी, गुणाकार. (४) १९०३ च्या कायद्यापासून पुढे आलेली हक्कनोंदणी, फेरफार, आणि शेवटी सातबारा. (५) गाव नमुना १४, अर्थात कोतवाल बुक : जन्ममृत्यूची वही, नाव, जात, बापाचे नाव. (६) नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. सिंहस्थाला गेलेल्या घराण्यांपुरत्या उपयोगी.

यांतले (२) ते (५) यांचे जुने कागद बहुतांश मोडी लिपीत आहेत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, अनुस्वार बहुधा गाळलेला, शब्द न तोडता ओळ सरळ चाललेली. लिप्यंतर करून देणारा मिळतो. पण त्याला त्या गावच्या शेतांची व भावक्यांची नावे ठाऊक नसतील तर तो ‘कोंड’चे ‘कुंड’ करतो. गावातला एखादा जुना माणूस शेजारी बसवून वाचन केलेले उत्तम.

जाणाऱ्याचे नाव या कागदांत सहसा नसते. १८४५ ला गेलेला माणूस १८८० च्या वहीत कसा येणार? क्वचित जमिनीपुढे ‘परागंदा’ असा शेरा असतो. तो सापडला तर मोठी गोष्ट. पण परागंदा म्हणजे मोरसला गेला असे नव्हे. सारा थकल्याने, दुष्काळाने, सावकाराच्या भयाने निघून गेलेल्या साऱ्यांना तो एकच शब्द होता. नेहमीचा मार्ग असा : मॉरिशसच्या नोंदीतील बापाचे नाव घ्यावे, त्या नावाखाली भारतात राहिलेला दुसरा मुलगा फेरफारात किंवा कोतवाल बुकात शोधावा, आणि त्याच्यापासून आजच्या भावकीपर्यंत खाली उतरावे.

राज्य शासनाने २०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसील कचेऱ्यांतील जुन्या वह्या कपाटाबाहेर आल्या. अनेक पाने संगणकावर चढली. हेतू जातीच्या दाखल्यांचा होता. वंशावळ शोधणाऱ्यांची आयती सोय झाली.

महाड शहर २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी पुराखाली गेले. घरोघरच्या ट्रंकांतले दस्त, पत्रिका, जुनी छायाचित्रे भिजली. खासगी कागद महाड शहरापेक्षा वरच्या अंगाच्या गावांत, वरंध, कापडे, उमरठ या बाजूला, टिकले असण्याचा संभव अधिक.

मौखिक व सांस्कृतिक पुरावा : मॉरिशसच्या मराठी समाजात झाकरी नाच, गोंधळ आणि गणेशोत्सव टिकून आहेत, गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. झाकरी ही कोकणातली जाखडी असल्याचे उघड आहे. पण जाखडी रत्नागिरीपासून महाडपर्यंत सगळीकडे नाचली जाते, म्हणून तीवरून तालुका ठरत नाही. कुलदैवत व देवक यांचा उपयोग जास्त, घराण्याने ती लक्षात ठेवली असतील तर.

सद्यःस्थिती : मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही भारताचे परदेशस्थ नागरिकत्व कार्ड देण्याची घोषणा मार्च २०२४ मध्ये झाली. त्यानंतर मूळ नोंदीच्या उताऱ्याचे कायदेशीर मोल वाढले. कार्डासाठी गाव ठाऊक असण्याची गरज नाही. गाव शोधतात ते वेगळ्या ओढीने. गावाकडे मात्र अशा पाहुण्याचे स्वागत दोन टप्प्यांत होते. आधी हिस्सा मागायला आला की काय ही शंका, आणि ती फिटल्यावर जेवण. सातबारा मागण्याआधी हिस्सा नको हे बोलून मोकळे व्हावे.

स्त्रिया : मुंबईहून गेलेल्यांत कमी. नोंद बहुधा नवऱ्याच्या नावाने. माहेरचे गाव क्वचित.

लष्करी वाट : रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारखे मुंबई फौजेत गेलेले महार शिपाई याच तालुक्यातले. अशा घराण्यांचे पलटणीचे व निवृत्तिवेतनाचे कागद शेतीच्या कागदांहून कितीतरी नेटके असतात. घराण्यात एक भाऊ फौजेत व एक परदेशी असेल तर आधी फौजेचा कागद पाहावा.

दक्षिण आफ्रिका, पूर्व आफ्रिका व आखात : खाडीपट्ट्यातील कोकणी मुसलमान घराण्यांचे स्थलांतर जहाजी नोकरी व पारपत्राच्या कागदांवरून शोधतात.