सिग्नल ११

ऑगस्ट १९९६. सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या खोलीत तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात. समोर ४८६ डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्‌झ, मेमरी ८ मेगाबाइट. कॅबिनेटचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलंय. जूनमध्ये लिनक्सचं कर्नल २.० आलं, मित्राने ते फ्लॉप्यांवर आणून दिलं, आणि आता तुम्ही 'मेक झेडइमेज' देऊन पडद्यावर सरकणारी फाइलींची नावं बघताय. सगळं सुरळीत झालं तरी तासाभराच्या वर वेळ जाणार.

काल कंपायलर 'व्हर्च्युअल मेमरी एक्झॉस्टेड' म्हणत थांबला होता. ते सोपं निघालं. स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, नव्हताच. १६ मेगाबाइटचं पार्टिशन रिकामं केलं, मेकस्वॅप, स्वॅपऑन, काम झालं.

आज मात्र वेगळंच काही. 'प्रोग्रॅम सीसीवन गॉट फेटल सिग्नल ११.' कंपायलर स्वतःच कोसळला. तुम्ही पुन्हा मेक देता. मघाशी अडलेली फाइल निमूटपणे पार पडते आणि थोड्या वेळाने नेटवर्कच्या डिरेक्टरीतली भलतीच फाइल अडते. पुन्हा सिग्नल ११.

ही बदलती जागा नीट लक्षात ठेवा. चूक कोडमध्ये किंवा कंपायलरमध्ये असती, तर तो दर वेळी त्याच ओळीवर आपटला असता. जागा बदलते याचा अर्थ संशय हार्डवेअरवर घ्यायचा.

दुकानात विचारलंत तर उत्तर तयार आहे. "डॉसवर चालतंय ना? मग मशीन ओके आहे." हे ऐकून आलात, तरी मनावर घेऊ नका. डॉसवरचे बरेचसे प्रोग्रॅम पहिल्या ६४० किलोबाइटमध्येच वावरतात, वरच्या मेमरीला हात लावायची वेळ फारशी येत नाही. शिवाय चित्रातला एखादा बिट उलटला तर एका ठिपक्याचा रंग बदलतो, कोणाला कळतही नाही. जीसीसी या कंपायलरचं तसं नाही. तो तुमच्या प्रोग्रॅमची झाडं रचतो, फांदीफांदीवर पॉइंटर, आणि ८ मेगाबाइटचा कोपरान् कोपरा वापरतो. पॉइंटरमधला एक बिट उलटला की पत्ता भलत्याच जागेचा होतो, कर्नल तिथे जाऊ देत नाही आणि प्रोग्रॅम जागीच मारतं; हाच तो सिग्नल ११. म्हणून या मशीनवर सगळ्यात खरं बोलणारा कोणी असेल तर तो हा कोसळणारा कंपायलरच, असं माझं ठाम मत आहे. बायोस सुरुवातीला मेमरी मोजतो, पण ती मोजणी वरवरची. पॅरिटीची नववी चिप असती तर तिने चूक पकडली असती. स्वस्तातल्या मेमरीत ती नाही.

आता एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी बायोसमध्ये जाऊन एक्स्टर्नल कॅश बंद. मशीन रेंगाळतं, सिग्नल ११ मात्र येतोच. म्हणजे कॅश सुटली. मग मशीन बंद करून सिमकडे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांकडे, वळा. एक-एक मेगाबाइटच्या, तीस पिनांच्या आठ सिम आहेत. प्रत्येक सिम आठ बिट देते, ४८६ला बत्तीस लागतात, त्यामुळे चार-चारच, म्हणजे एकेक बँक, काढाव्या लागतात. दुसरी बँक रिकामी करून ४ मेगाबाइटवर कंपाइल लावा. स्वॅपपायी हार्ड डिस्क रात्रभर खरखरत राहते, पण सकाळी झेडइमेज तयार.

काढलेल्या चौघी आता पहिल्या बँकेत बसवा. काही मिनिटांतच सिग्नल ११. तेव्हा त्या बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरा आणि चिपांवरचा बारीक छाप वाचा. तिघींवर नंबराच्या शेवटी ७, म्हणजे ७० नॅनोसेकंद. चौथीवर ८. ही ८० नॅनोसेकंदांची सिम बाकीच्यांच्या वेगाला पुरी पडत नाही. खात्री करायची तर सगळ्या परत बसवा आणि बायोसमध्ये डीरॅमचा एक वेट स्टेट, म्हणजे मेमरीसाठी थांबायची एक फेरी, वाढवा. मशीन थोडं मंदावतं, पण कंपाइल शेवटपर्यंत जातं.

ती सिम बदलून घ्या, वेट स्टेट पूर्ववत करा. मात्र लगेच मेक देऊ नका. बिघडलेल्या मेमरीत तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली डिस्कवर पडून आहेत. त्या कंपाइल झाल्या, पण बरोबर झाल्या का, हे कोण सांगणार? आधी 'मेक क्लीन'. मग पहिल्या फाइलपासून पुन्हा.