रेडफर्नची भिंत : रंग कुणाचा, जमीन कुणाची?

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात रेडफर्न नावाचे रेल्वे स्टेशन आहे. स्टेशनासमोर, लॉसन स्ट्रीटच्या पुलावर एक लांब रंगवलेली भिंत आहे. १९८३ मध्ये कॅरोल रफ या चित्रकर्तीने तिथल्या ॲबोरिजिनल लोकांना सोबत घेऊन ती रंगवली. रेडफर्न ऑल ब्लॅक्स या वस्तीतल्या रग्बी संघाचे खेळाडू तिच्यावर आहेत. आणि मोठ्या अक्षरांत एक आकडा आहे : ४०,००० वर्षे.

या भिंतीचे वर्णन 'ॲबोरिजिनल संस्कृतीचा उत्सव' असे केले जाते. आम्हाला हा शब्द अपुरा वाटतो. हा आकडा उत्सवाचा नाही, दाव्याचा आहे.

१७८८ मध्ये इंग्रज कैद्यांची जहाजे सिडनीला लागली. इंग्रजांनी इथल्या लोकांशी ना करार केला, ना जमीन विकत घेतली. हा भूभाग जणू कुणाच्याच मालकीचा नव्हता, असे त्यांच्या कायद्याने धरून चालले. माणसे डोळ्यांसमोर होती, पण कायद्याच्या लेखी त्यांची जमिनीवरची मालकी शून्य. भिंत रंगवली तेव्हाही हीच कायद्याची भूमिका होती. एडी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा खटला तेव्हा कोर्टात पडून होता. त्याचा निकाल लागला ३ जून १९९२ रोजी, म्हणजे नऊ वर्षांनी. कोर्टाने जे मान्य करायला इतका वेळ लावला, ते रेडफर्नच्या लोकांनी रोज लोकल पकडणाऱ्या गोऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधीच लिहून ठेवले होते. (आता पुरातत्त्वज्ञ ६५,००० वर्षांपर्यंत मागे जातात. म्हणजे भिंतीने दावा कमीच केला होता!)

आणि ही भिंत नेमकी रेडफर्नलाच का? गावाकडच्या सरकारी राखीव वसाहतींतून सुटलेली कुटुंबे कामाच्या शोधात इथे आली. शेजारी इव्हलीची रेल्वे वर्कशॉप होती, भाडी परवडत होती. पोलीस मात्र रस्त्यावरून, दारूच्या गुत्त्यातून माणसे उचलून नेत. याला उत्तर म्हणून १९७० मध्ये वस्तीने स्वतःची कायदेविषयक सेवा सुरू केली, १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना. १९७३ मध्ये ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनी उभी राहिली आणि व्हिटलम सरकारच्या अनुदानातून 'द ब्लॉक' या भागातली घरे विकत घेतली गेली. दान मागितले नाही, संस्था उभ्या केल्या. मित्रांनो, बाबासाहेबांच्या 'संघटित व्हा'चा अर्थ आम्ही याहून वेगळा लावत नाही.

इथे एक सावधगिरी. आपल्यातले काही कार्यकर्ते लगेच म्हणतील, तेही मूलनिवासी, आपणही मूलनिवासी. इतके सोपे नाही. त्यांचा प्रश्न परक्या सत्तेने जमीन आणि मुले हिरावल्याचा आहे. आपला प्रश्न जातीचा आहे, वंशाचा नाही. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य आक्रमणाचा वंशसिद्धान्त नाकारलेला आहे. नाते जोडायचे तर लढ्याचे जोडू, रक्ताचे नको.

आता खरा मुद्दा. भिंत टिकली, पण शेजारच्या द ब्लॉकमधली घरे एकेक करून पाडली गेली. जमीन हाउसिंग कंपनीकडेच राहिली, पण रेडफर्न महाग होत गेले आणि जुनी कुटुंबे पांगली. पुनर्विकासात दुकाने आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह पुढे सरकले, परवडणारी घरे मागे राहिली. तेव्हा मे २०१४ मध्ये जेनी मन्रो आणि इतर बायकांनी त्या मोकळ्या जागेवर तंबू ठोकले. भांडण आपल्याच लोकांच्या संस्थेशी होते, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. वर्षभराहून अधिक काळ तंबू हलले नाहीत.

वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास पाहणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. आपल्या वस्त्यांच्या भिंतींवर बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत. पण त्या चाळीतून नामांतरासाठी तुरुंगात गेलेली माणसे, गिरणी संपात घर चालवलेल्या आया कुठल्या भिंतीवर आहेत? रेडफर्नने आपला खेळाडू रंगवला. आपण फक्त महामानव रंगवतो आणि शेजारच्या आजीला विसरतो. उद्या चाळ पडली की तिचा पुरावाही पडणार. आणि पाडायला वेळ लागत नाही. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन एका रात्रीत पाडले गेले, तेव्हा बुद्धभूषण छापखान्याचे काय झाले ते आपण पाहिले आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये तंबू निघाले, ते ॲबोरिजिनल कुटुंबांसाठी ६२ परवडणाऱ्या घरांच्या पैशांची हमी मिळाल्यावरच. २०१८ मध्ये स्टेशनासमोरच्या भिंतीचे रंग पुन्हा ताजे करण्यात आले. तेव्हा ती ६२ घरे बांधून झालेली नव्हती.