नदी एक, कायदे दोन

वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि आमच्या जिल्ह्याला पश्चिमेकडून वळसा घालून खाली जाते. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात बैलगाड्या तिच्या उतारावरून सहज पार होत. पलीकडचा माणूस आमचीच बोली बोले, आमच्यासारखाच कापूस आणि ज्वारी पेरी. लेकीसुनांची देवघेव तर दोन्ही काठांची पिढ्यान् पिढ्यांची. रुक्मिणीचे माहेर म्हणून ज्या कौंडण्यपूरची ख्याती, तेही पलीकडच्याच काठावर. आर्वीकडच्या मंडळींना तेथे दर्शनाला जाताना आपण परमुलखात चाललो आहोत असे कधी वाटले नसेल. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते खरोखरच परमुलखात जात होते!

ही शीव पडली ती १८०३ साली. त्या वर्षीच्या डिसेंबरात देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि तो निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापायी निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. त्याच सुमारास भोसल्यांचे राज्यही खालसा झाले. म्हणजे दोन्ही काठांवर साहेब एकच आला. मग कायदाही एकच व्हावा की नाही? तसे झाले नाही. नागपूरचा मुलूख इंग्रजांचा स्वतःचा, तर वऱ्हाड निजामाचा. इंग्रज तेथे केवळ कारभारी. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाडाचा कायमचा पट्टा झाला, निजामाला वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला. तरी मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे आमच्या काठाचा कायदा त्या काठावर आपोआप लागू होत नसे. त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागे. वऱ्हाडातून कौन्सिलात निवडून आलेल्या सभासदांची सरकारला पुन्हा रीतसर नेमणूक करावी लागे, कारण कागदोपत्री ती माणसे परक्या राज्याची होती.

पैशांची गोष्टही मौजेची आहे. भोसल्यांची टांकसाळ नागपूरला, निजामाची हैदराबादला. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात खपवायचा तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. आज आपण कुळाच्या नावाला बट्टा लागला असे म्हणतो, तो हाच सराफकट्ट्यावरचा बट्टा. पुढे दोन्ही काठांवर इंग्रजी कलदार रुपया रुळला. पण पैनगंगा ओलांडून खुद्द निजामाच्या राज्यात गेले की हाली सिक्का सुरू होई. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा तो हिशेब असे. हा सिक्का पुरता बंद व्हायला १९५९ साल उजाडावे लागले.

परंतु घराघरांवर खरा परिणाम केला तो जमिनीच्या कायद्याने. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. पुलगावजवळच्या कवठ्याला आरंभी त्याचे ठाणे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीच्या जागेवर वसवलेल्या नव्या वर्धा गावात आले. त्याच दशकात आमच्या काठावर मालगुजारी पक्की झाली. भोसल्यांच्या अमदानीत गावचा वसूल गोळा करणारा मालगुजार आता गावाचा मालकच ठरला. कुळाने लगान मालगुजाराला द्यायचा आणि त्याने आपला हिस्सा ठेवून बाकीचा सरकारात भरायचा. पडीत, झुडपी रान, तळी ही सारी त्याची. गावकऱ्यांनी जळण कुठून आणावे, गुरे कुठे चारावीत, हे वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहिलेले असे. पलीकडे वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आली. तेथे मधला धनी नाही. खातेदार आपला सारा पाटलाकडे, म्हणजे थेट सरकारातच, भरी.

आता यात कोणता काठ सुखाचा? आमच्या घरात हा वाद तीन पिढ्या चालला होता. आजोबा अलीकडचे, देवळी तालुक्यातले मौरूसी काश्तकार. वावर वंशपरंपरा कसण्याचा त्यांचा हक्क पक्का. पण ते विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे आणि सावकाराच्या हुकूमनाम्यातही ते लिलावात निघत नसे. आजीचे माहेर पलीकडचे. तिचे भाऊ खातेदार, आपल्या वावराचे पुरे धनी. त्यांना सावकार हसतमुखाने कर्ज देई, कारण तारणाला जमीन होती. आजोबांना तोच सावकार दारात ताटकळत ठेवी आणि व्याजही चढे लावी. आत्याच्या लग्नाला पैसा उभा करताना आजोबांचे जे हाल झाले, ते आजी मोठ्या ठसक्याने सांगे. मात्र १९३० नंतर कापसाचा भाव कोसळला आणि पारडे फिरले. तिच्या भावांची जमीन पाहता पाहता सावकाराच्या नावावर चढली. आजोबांच्या अंगावरही कर्ज होते, घरातली भांडी गेली. पण वावर गेले नाही. आजी म्हणे, “तुमच्याकडलं वावर इकता येत नाही, अन् आमच्याकडलं राहत नाही!”

तिच्या या एका वाक्यात त्या दोन कायद्यांचा मला सारा निवाडा दिसतो. विकण्याचे स्वातंत्र्य आणि गमावण्यापासून संरक्षण या दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या एका कागदावर सहसा नांदत नाहीत.

हे जुने झाले असे कोणी समजू नये. माझी एक भाची अमेरिकेत आहे आणि एक पुतण्या जर्मनीत. दिवाळीला दोघे घरी आले की फराळापेक्षा त्यांची तुलनाच अधिक चालते. भाचीच्या दुकानात चिठ्ठीवर एक किंमत आणि पैसे देताना वर राज्याचा कर. पुतण्याच्या दुकानात कर किमतीतच धरलेला. तिची ओळख वाहन चालवण्याच्या परवान्यावर, त्याच्या जर्मन शेजाऱ्यांजवळ सरकारी ओळखपत्र. ती तारीख लिहिताना महिना आधी घालते आणि आम्ही पाच नोव्हेंबरचे पत्र अकरा मेचे समजतो. पण सगळ्यांत मोठा फरक घराच्या खरेदीत. अमेरिकेत नोटरी बहुधा सहीचा साक्षीदार असतो. परगण्याची कचेरी खरेदीखताची नोंद करते, मालकीची हमी घेत नाही, म्हणून लोक मालकीहक्काचा वेगळा विमा उतरवतात. जर्मनीत नोटरी कायद्याचा पंडित असतो. तो सारा दस्त दोन्ही पक्षांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि भूमिपुस्तकात नोंद झाल्यावरच मालकी बदलते. दोघेही आपलीच रीत शहाणपणाची असे हिरिरीने सांगतात, तेव्हा मला आजी-आजोबांची आठवण होते. इकडे तिकडे माणसे सारखीच. प्रत्येक काठाला आपला इतिहास चिकटलेला, एवढेच.

आमच्या नदीचे दोन काठ एक झाले ते स्वातंत्र्यानंतर. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १९५४ च्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहितेने वऱ्हाड आणि नागपूरकडच्या शेतकऱ्यांना एका कायद्याखाली आणले; त्यांना भूमिस्वामी आणि भूमिधारी ही नवी नावे मिळाली. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६६ च्या संहितेने साऱ्या राज्याला एकच जमीन महसूल कायदा दिला. तरी नदीच्या खुणा पुसल्या नाहीत. त्या संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही प्रकरणे खास विदर्भासाठी ठेवलेली आहेत. जुन्या भूमिधारींना भोगवटादार वर्ग २ मध्ये घातले गेले, आणि वर्ग २ ची जमीन विकायची तर आजही परवानगीचा प्रश्न उभा राहतो. आजोबांच्या काठाचा कायदा असा नातवंडांच्या सातबारापर्यंत पोहोचला!

म्हणून माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत पेटीच्या तळाशी लगानाची पावती किंवा १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल सापडली, तर ती रद्दीत घालू नका. मुलांना जवळ बसवा आणि तो कागद कोणत्या काठाचा आहे ते सांगा. आमच्या आत्याचे लग्न कसे झाले आणि वावर कसे वाचले, हे मला अशाच एका पिवळ्या पावतीमुळे कळले.